बेर, रुग, ब्रेह : आयरिशमधला एक धातू घरच्या घरी कसा शिकवावा

आयर्लंडमधल्या मराठी घरांत मुलांचं गणित बाबा बघतात, इंग्रजी आई बघते आणि आयरिशची वही उघडली की दोघं एकमेकांकडे बघतात. भाषा शाळेत सक्तीची, अगदी लहान वर्गापासून ते लीव्हिंग सर्टपर्यंत, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेपर्यंत. आईबापांना मात्र तिचा गंध नसतो. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आलं. मी सांगलीला शाळेत संस्कृत शिकवत असे. आता वर्षातले काही महिने गॉलवेला लेकाकडे असते. ‘आजीला धातू आवडतात’ एवढ्या भांडवलावर सूनबाईंनी नातीची वही माझ्या पुढ्यात ठेवली. तेव्हापासून जी पद्धत बसवली ती इथे देते. मुलं तिथे वाढवणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि ज्यांनी कधीकाळी शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं त्यांना तर नक्कीच.

आयरिशमध्ये अनियमित क्रियापदं मोजून अकरा आहेत. बाकी सगळी शिस्तीत चालतात. आपल्याकडे दहा गण, त्यात परस्मैपद-आत्मनेपद, वर सेट्-अनिट्. ते ज्याने पाहिलंय त्याने अकरा या आकड्याला घाबरायचं कारण नाही. शाळेत सुरुवात ‘असणे’ या क्रियापदापासून होते. ते बरोबरच आहे, त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण दुसरं क्रियापद कोणतं घ्यावं, यावर माझं मत ठाम आहे: ‘बेर’ घ्या. कारण अकरातली तीन क्रियापदं या एकाच धातूतून निघाली आहेत. एक नीट कळलं की उरलेल्या दोघांची अर्धी भीती जाते.

उच्चारांबद्दल आधीच सांगते. आयरिश जसं लिहितात तसं मुळीच बोलत नाहीत. मी इथे उच्चार देवनागरीत देतेय, आणि तेही गॉलवेच्या बाजूचे, म्हणजे पश्चिमेकडचे. दक्षिणेत आणि उत्तरेत शेवटचे स्वर बदलतात. जिथे ए लांबवायचा तिथे मी अवग्रह घातला आहे: बेऽर. आयरिश लिपीत त्या जागी स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ असते, तिला ‘फादा’ म्हणतात. फादा मुलं हटकून विसरतात. इथे विसरली तर काळच बदलतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याबद्दल टोका.

आता धातू. ‘बेर’चा जुना अर्थ वाहून नेणे, धारण करणे. तोच आपला भृ. भरति, भार, भर्ता, भार्या, भृत्य, भरणपोषण, सगळं त्या एका मुळाचं. आणि मराठीतलं रोजचं ‘भरणे’ही. लॅटिनमध्ये तो ‘फेरो’ झाला, ग्रीकमध्ये ‘फेरो’च पण ओठांवरचा फ वेगळा, इंग्रजीत ‘बेअर’. आयरिश ज्या कुळातली, त्या केल्टिक भाषांनी मूळचा भ आणि ब एकत्र करून टाकले, म्हणून आयरिशमध्ये भ ऐकू येत नाही, नुसता ब येतो.

हे नातं ओढूनताणून जोडलेलं नाही हे मुलांना दाखवायचं असेल तर जुनी आयरिश रूपं शेजारी लिहून दाखवावीत. आठव्या-नवव्या शतकात आयरिश भिक्षूंनी लॅटिन पोथ्यांच्या ओळींमध्ये आणि समासात आपल्या भाषेत बारीक अक्षरांत टिपा लिहिल्या. त्या पोथ्या आज जर्मनीत वुर्झबुर्गला, इटलीत मिलानला आणि स्वित्झर्लंडमध्ये झांक्ट गालेनला आहेत. जुन्या आयरिशचं व्याकरण मुख्यतः त्या टिपांवरून उभं राहिलं. त्यातला वर्तमानकाळ असा:

बिरु — भरामि
बिरि — भरसि
बेरिध — भरति
बेरमै — भरामः
बेर्थे — भरथ
बेरद — भरन्ति

मी हे नातीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. ‘बेरद’मधला न् कुठे गेला, असं तिनेच विचारलं. जुन्या आयरिशमध्ये त् च्या आधीचा न् गळतो आणि त् मऊ होऊन द् सारखा ऐकू येतो. चौथीतल्या मुलीने विचारावा असा हा प्रश्न नव्हे, पण जोडीला जोड लावून बघायची सवय असली की मुलं विचारतात. (संस्कृतवाले कुरबूर करतील की भृ तिसऱ्या गणात ‘बिभर्ति’ होतो. होतो. तो पहिल्या गणातही आहे, भरति-भरते. आपल्याला इथे तोच हवा.)

जाता जाता एक माहिती, कारण ती आपल्या सातबाऱ्यापर्यंत पोचते. या जुन्या टिपा वाचून छापणाऱ्या मोठ्या अभ्यासकांत व्हिटली स्टोक्स हे नाव येतं. डब्लिनचा माणूस, जन्म १८३०, पेशाने वकील. १८६२ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा, ज्याचा हवाला आजही आपल्या खरेदीखताच्या भांडणांत दिला जातो, तो त्याच्या हातून गेलेला. दिवसा दिवाणी संहिता आणि फावल्या वेळात आयरिश धातू. मला हा माणूस फार आवडतो.

पुरे झालं मूळ. आता शिकवायचं कसं?

पहिली गोष्ट, तक्ता लावू नका. शाळेच्या पुस्तकात मी-तू-तो असा सगळा तक्ता असतो आणि मुलं तो ‘रामः रामौ रामाः’च्या चालीत म्हणून विसरून जातात. पाठांतराला माझा विरोध नाही, मी आयुष्यभर तेच करून घेतलं. पण आधी धातूची अंगं पाठ व्हावीत, प्रत्यय मागून येतील. ‘बेर’ला चार अंगं आहेत: बेर, रुग, बेऽर, ब्रेह. बेर म्हणजे वर्तमान आणि आज्ञार्थ. रुग म्हणजे भूतकाळ. बेऽर म्हणजे भविष्य आणि संकेतार्थ. ब्रेह म्हणजे धातुसाधित नाम. हे चार शब्द जिन्यावरून चढताना-उतरताना म्हणायला लावा. चारही सहज तोंडात बसले की मगच पेन्सिल हातात.

‘बेर’चं भूतकाळात ‘रुग’ कसं झालं, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सोपं आहे: दुसऱ्याच धातूने येऊन जागा भरली. आपण ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेला’ म्हणतो, ‘जाला’ म्हणत नाही, तसंच. लॅटिनमध्येही हाच धातू असा फुटतो: फेरो, तुली, लाटुम. पण ‘रुग’च्या पोटात आणखी गंमत आहे. ते जुन्या ‘रो + उक्’चं जोडलेलं रूप. आणि हा ‘रो’ म्हणजे आपला ‘प्र’! केल्टिक भाषांत सुरुवातीचा प गळून गेला. म्हणून पितृ तिथे ‘आहर’ झाला आणि प्र झाला ‘रो’. जुन्या आयरिशमध्ये हा ‘रो’ क्रिया पुरी झाल्याचं दाखवत असे. आज तो स्वतंत्र दिसत नाही, पण भूतकाळाचा नकार ‘नीअर’ आणि भूतकाळाचा प्रश्न ‘अर’ यांच्या शेवटी जो र आहे तो हाच. म्हणजे ‘नीअर रुग’ म्हटलं की त्यात ‘प्र’ दोनदा येऊन गेला.

इतकं मुलांना सांगा असं मी म्हणत नाही. तुम्हाला ठाऊक असलं की सांगण्यात जोर येतो.

वर्तमानकाळ: बेरिम म्हणजे मी, बेरन तू म्हणजे तू, बेरन शे म्हणजे तो, बेरन शी ती, बेरिमिज आम्ही, बेरन शिव तुम्ही, बेरन शिअद ते. बघा, ‘मी’ आणि ‘आम्ही’ एवढ्यांनाच स्वतःचा प्रत्यय आहे. बाकी सगळ्यांना बेरन आणि पुढे सर्वनाम. आणि क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी. मराठी मुलाला हे जड जातं, कारण आपलं क्रियापद शेवटच्या बाकावर बसतं. यावर उपाय म्हणजे मराठी वाक्यच आधी उलटं म्हणायचं: ‘पकडला मी चेंडू.’ कवितेत चालतं, घरातही चालेल.

भूतकाळात रुग मे, रुग तू, रुग शे, रुग शी, मग आम्हीसाठी रुगमर, पुढे रुग शिव, रुग शिअद. भविष्यात बेऽरह मे, बेऽरह तू आणि असंच पुढे, ‘आम्ही’साठी बेऽरहमिज. या भविष्यात लिहिताना एक एफ येतो आणि बोलताना त्याचा नुसता ह होतो. मुलांना शुद्धलेखनात एफ लिहायची आठवण करा. तो लांब ए कुठून आला म्हणाल, तर आयरिशमध्ये दीर्घ ए-वाल्या भविष्याची ही पद्धत मुळात धातूच्या द्वित्वातून, म्हणजे त्याचं पहिलं अक्षर दोनदा येण्यातून, आली आणि मग नमुना म्हणून इतर धातूंवर पसरली. बिभर्ति, चकार पाठ केलेल्यांना द्वित्व नवं नाही.

भूतकाळाचा आणखी एक प्रकार आहे, पूर्वी नेहमी करत असे असा: वेरिन, म्हणजे ‘मी पकडत असे’. इंग्रजीतून शिकवलं की याला तीन शब्द लागतात. मराठीत ‘तो येई, बसे, बोले’ असा रीती भूतकाळ एका शब्दात तयार आहे. मराठीतून शिकवा, मिनिटात कळतं. संकेतार्थ ‘वेऽरहिन’: ‘मी पकडलं असतं’.

आता या ब चा व का झाला? इथे बहुतेक पालक वही मिटतात. मिटू नका.

आयरिशमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर मागच्या शब्दाच्या धक्क्याने बदलतं. नकाराच्या ‘नी’नंतर ब चा व होतो: बेरन, पण नी वेरन. प्रश्नाच्या ‘अन’नंतर ब चा म होतो: अ मेरन? (‘अन’चा न बोलताना व्यंजनापुढे पडतो.) लिहिताना ब पुसत नाहीत. व साठी त्याच्यामागे एच लावतात, म साठी त्याच्या पुढ्यात एम बसवतात. म्हणून कागदावर एम आणि बी शेजारी दिसतात, आणि मुलं ‘म्ब’ असं काहीतरी म्हणतात. त्यांना कडुनिंबाचं झाड दाखवा. निंब हा शब्द हिंदीत नीम झाला, अनुनासिकाने ब गिळला. आयरिशमध्ये नेमकं तेच घडलं. ज्या शब्दांच्या शेवटी कधीकाळी अनुनासिक होतं ते गेलं, पण जाता जाता पुढच्या शब्दाचं अक्षर नाकात ओढून गेलं. हा संधीच आहे, आपण वाक् + मय = वाङ्मय शिकलो तसा.

आणि वाङ्मयातला ङ! ‘क ख ग घ ङ’ घोकताना प्रत्येक मराठी मुलाला वाटतं, याचं करायचं काय. आयरिशमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीला येतो. गॉलवेचं आयरिश नाव गाल्यिव; ‘गॉलवेत’ म्हणायचं तर इ ङाल्यिव. माझ्या नातीला ङ या अक्षराचा पगार तिथे मिळाला. तिच्या वर्गातल्या मुलांना तो म्हणताना त्रास होतो, हिला होत नाही.

आता अर्थ. जुना ‘वाहून नेणे’ हा अर्थ आज थोड्याच ठिकाणी उरला आहे. ‘बेर ल्यात अन ल्याउर’, पुस्तक बरोबर घेऊन जा. ‘बेर बूअ’, विजय घेऊन ये. सामन्याआधी खेळाडूंना म्हणतात, आणि पत्राच्या शेवटी ‘बेर बूअ अगस ब्यानख्त’ लिहितात, म्हणजे विजय आणि आशीर्वाद. रोजच्या वापरात मात्र दोन अर्थ मोठे आहेत: जन्म देणे आणि पकडणे. जन्म देणे सरळ आहे. वाहिलं, पोटात धारण केलं, जन्माला घातलं. ‘रुग शी ल्यानव’, तिला मूल झालं. कोंबडीलाही तेच क्रियापद: ‘रुग अन ह्यार्क उव’, कोंबडीने अंडं घातलं. मराठीत बाई बाळंत होते, गाय विते आणि कोंबडी अंडं घालते. आयरिश तिथे काटकसर करते.

पकडणे हा अर्थ येतो तो ‘एर’ या शब्दयोगीमुळे. एर म्हणजे ‘वर’. बेर एर, म्हणजे धरणे, पकडणे, गाठणे. हे शब्दयोगी सर्वनामाला चिकटून एक शब्द बनतात, आपल्या ‘माझ्यावर, तुझ्यावर’सारखे: ओरम माझ्यावर, ओर्त तुझ्यावर, एर त्याच्यावर, इर्ही तिच्यावर, ओरिन आमच्यावर, ओरिव तुमच्यावर, ओर्हू त्यांच्यावर. हे सात शब्द आयरिशमध्ये पावलोपावली लागतात. भूक, तहान, सर्दी, आनंद, सगळं माणसा‘वर’च असतं. म्हणून इथे केलेली मेहनत वाया जात नाही.

सराव बसून करू नका. आम्ही स्पंजचा चेंडू घेऊन घराच्या बोळकांडीत उभ्या राहतो. मी फेकते आणि ‘बेर एर!’ ओरडते. तिने पकडला की ती म्हणते ‘रुग मे एर’, सुटला तर ‘नीअर रुग मे एर’. फेकण्याआधी मी विचारते ‘अ मेऽरह तू एर?’ ती म्हणते ‘बेऽरह’. इथे एक महत्त्वाचं व्याकरण खेळता खेळता बसतं: आयरिशमध्ये हो आणि नाही यांना शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापद उलट टाकायचं. ‘अर रुग तू एर?’ याचं उत्तर ‘रुग’ किंवा ‘नीअर रुग’. यात तिच्या बापाला नवल वाटलं. मला नाही. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ आपण तरी कुठे दर वेळी हो म्हणतो?

बारोग म्हणजे मिठी, आणि मिठीही याच क्रियापदाने मारतात. ‘रुग शी बारोग ओरम’: तिने मला मिठी मारली. शब्दशः पाहिलं तर ‘पकडली तिने मिठी माझ्यावर’. काळानेही पकडता येतं: ‘ता अन ताम अ ब्रेह ओरिन’, वेळ आपल्याला गाठतेय, म्हणजे उशीर होतोय. सकाळी शाळेच्या दप्तराच्या गोंधळात हे वाक्य मी रोज वापरते, त्यामुळे धातुसाधित नाम ‘ब्रेह’ वेगळं शिकवावं लागलं नाही. ‘अ ब्रेह’ म्हणजे पकडत असणं, चालू क्रिया.

आता ज्या जागी मी सगळ्यात जास्त वेळ घालवते ती जागा. ‘रुगू’ हे रूप. याला कर्ताच नसतो. आयरिशमध्ये प्रत्येक काळात असं एक रूप असतं: वर्तमानात बेरतर, भविष्यात बेऽरफर (इथे एफ स्पष्ट बोलतात), भूतकाळात रुगू. इंग्रजीतून शिकवणारे याला कर्मणी समजून शिकवतात आणि पुढे अडकतात. कर्मणीत कर्म प्रथमेत येतं. इथे येत नाही. ‘तो’ कर्ता असला तर शे म्हणतात, पण इथे ‘रुगू ए’ म्हणतात, आणि ए हे कर्माचं रूप आहे, आपल्या ‘त्याला’सारखं. मराठी शाळेत शिकलेल्याला लगेच आठवावा तो भावे प्रयोग: ‘चोराला पकडलं.’ कोणी पकडलं? सांगितलं नाही. कर्म ‘ला’ घेऊन बसलंय, क्रियापद कोणाकडेही बघत नाही. रुगू म्हणजे हेच.

आणि त्यातून ही जोडी, जी मी मोठ्या अक्षरांत फ्रीजवर लावली आहे:

रुगू मे — माझा जन्म झाला.
रुगू ओरम — मला पकडलं.

एकात ‘मला’, दुसऱ्यात ‘माझ्यावर’. एवढाच फरक. मुलं ‘मी कुठे जन्मले’ लिहिताना ओरम घालतात आणि निबंधात चोर होऊन बसतात. उदाहरणं खरी द्यावीत, ती लक्षात राहतात. व्हिटली स्टोक्सबद्दल ‘रुगू इ माल्य आह क्लिअ ए’, त्याचा जन्म डब्लिनला झाला. (डब्लिनचं आयरिश नाव ‘बाल्य आह क्लिअ’; ‘इ’नंतर ब चा म, वर सांगितलं तसंच.) हेच वाक्य शब्दही न बदलता लिओ वराडकरांना लागू पडतं. जन्म डब्लिन, १९७९. वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. ते दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि मराठी घरात हे उदाहरण दिलं की पाठ्यपुस्तकातल्या कुणा शॉनपेक्षा ते जास्त टिकतं.

‘ब्रेह’बद्दल थोडं. हे नाम भृति या शब्दाचं भावंडच. मूळ ऋ चं केल्टिकमध्ये ‘रि’ झालं, आपल्याकडे बोलताना ‘रु’ होतो. ला ब्रेह म्हणजे वाढदिवस, जन्माचा दिवस. पण ब्रेहचा दुसरा अर्थ निवाडा. निवाडा ‘वाहून’ आणतात, देतात. त्यातून ब्रेहव म्हणजे न्यायाधीश. जुन्या आयरिश कायद्याला इंग्रजीत ‘ब्रेहन लॉ’ म्हणतात तो याच शब्दावरून, आणि आजच्या आयर्लंडच्या सरन्यायाधीशांच्या आयरिश पदनामातही हाच शब्द आहे. ब्रेहूनस म्हणजे न्यायनिर्णय. हे मोठ्या मुलांना सांगा, लहानांना वाढदिवस पुरे.

आता सुरुवातीला म्हटलेली तीन क्रियापदं. संस्कृतात उपसर्ग लागला की धातूचा अर्थ कुठल्या कुठे जातो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हा श्लोक पाठ असेलच. जुन्या आयरिशमध्ये तेच यंत्र चालतं. ‘दो’ हा ‘-कडे’ अशा अर्थाचा उपसर्ग बेरला लागला आणि ‘दो-बेर’ झालं: आणणे, देणे. झिजत झिजत त्याचं आजचं ‘तौर’ झालं, म्हणजे दे. हे अकरातलं दुसरं. त्याचा भूतकाळ ‘हुग’. रुग आणि हुग, दोन्हींत शेवटचा ‘उग’ एकच आहे, कारण त्या जुन्या ‘उक्’लाच एकदा रो लागला आणि एकदा दो. मुलांना यमक म्हणून सांगा, आयुष्यभर विसरणार नाहीत.

तिसरं ‘अबर’, म्हणजे बोल, सांग; त्याचं वर्तमान ‘जेर’. हे जुन्या ‘अस-बेर’मधून आलं. अस म्हणजे बाहेर. बाहेर वाहणे म्हणजे बोलणे? वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले, कारण आपल्याकडे हृ म्हणजे नेणे, आणि उद् + आ + हृ म्हणजे बाहेर आणून सांगणे: उदाहरण. व्याहरति म्हणजेही बोलतो. धातू वेगळा, पण विचार तोच. आणि एक चौथं, अनियमित नसलेलं: ‘इमिर’, म्हणजे खेळ. इम् म्हणजे भोवती, आपल्या ‘अभितः’चा नातेवाईक, आणि पुढे तोच बेर.

एक धोक्याची सूचना. डोनेगलकडच्या, म्हणजे उत्तरेच्या बोलीत ‘वेर’ हे रूप ‘देतो’ या अर्थी वापरतात, आणि ‘वेऽरह मे’ म्हणजे ‘मी देईन’. १९५८ च्या प्रमाण व्याकरणात देण्याची रूपं वेगळी ठेवली आहेत. त्यामुळे आयरिश दूरचित्रवाणीवर कोणी उत्तरेकडचा माणूस बोलला आणि मूल गोंधळलं, तर त्याचं ऐकणं बरोबर आहे असं सांगा. शंका आली की ‘त्यांगलन’ या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर जा. तिथे प्रत्येक क्रियापदाचा पूर्ण तक्ता असतो आणि बऱ्याच शब्दांचे तिन्ही बोलींतले उच्चार ऐकता येतात. मी देवनागरीत कितीही घासून लिहिलं तरी कानाची जागा घेणार नाही. जुनी रूपं बघायची हौस असेल तर रॉयल आयरिश अकादमीचा जुन्या आयरिशचा कोशही फुकट वाचायला मिळतो, पण तो उघडलात तर स्वयंपाक कोणाला तरी सांगून ठेवा.

आता परीक्षा. ही वाक्यं मराठीतून विचारा, उत्तरं तोंडी घ्या.

तू चेंडू पकडलास का? — अर रुग तू एर अन लिअरोज?
नाही पकडला. — नीअर रुग.
कोंबडी अंडं घालणार नाही. — नी वेऽरह अन ह्यार्क उव.
ती मला मिठी मारेल. — बेऽरह शी बारोग ओरम.
त्यांचा जन्म गॉलवेत झाला. — रुगू इ ङाल्यिव इअद.
आम्हाला पकडलं. — रुगू ओरिन.

तिसऱ्यात ब चा व झाला नाही, किंवा पाचव्यात ‘इअद’च्या जागी ‘शिअद’ आलं, तर चेंडू परत बाहेर काढा. सगळी बरोबर आली तर दुसऱ्या दिवशी ‘तौर’ला हात घाला, आणि ‘हुग’पासून सुरुवात करा.